पहिल्या कोटावरची सही

धाकटी : ताई! घोड्याच्या पोटाखाली काय करतेयस तू?

थोरली : वाचतेय.

धाकटी : जमिनीवर झोपून? ऊठ आधी. सगळा भुसा पडलाय तिथे. कंबर धरली म्हणजे मग मलाच हाका मारशील.

थोरली : कंबर कधीच धरलीय. ते राहू दे. टेबलावरची बॅटरी दे इकडे. भिंग आहे माझ्याकडे, उजेड नाही.

धाकटी : अगं, उद्या सकाळी बागेतून टेम्पो यायचाय, मेरी-गो-राउंडसाठी. हे तीन घोडे कापडात गुंडाळायचेत. पांढऱ्याचे वॉर्निशचे तीन कोट बाकी आहेत. आणि तू खेळत काय बसलीयस?

थोरली : पांढऱ्यासाठीच शिरले मी इथे. त्याच्यावर सही करायचीय ना मला. सकाळपासून चार वेळा ब्रश उचलला आणि चार वेळा खाली ठेवला. शेवटी म्हटलं, आधीच्या घोड्यावर कशी केली होती ते बघावं आणि तशीच ओढावी. ह्या तपकिरीच्या पोटाखालच्या सोनेरी पट्ट्यावर मी मागच्या मंगळवारी सही केली. तू शेजारी बसून वॉर्निशचा डबा ढवळत होतीस. आठवतं?

धाकटी : आठवतं.

थोरली : माझ्या नावात अक्षरं किती?

धाकटी : ताई...

थोरली : किती, चिमे?

धाकटी : तीन.

थोरली : इथे दोन आहेत.

धाकटी : तू बाहेर ये ना. असं घोड्याखालून काय बोलायचं?

थोरली : घोड्याखालूनच बरं आहे. तुझं तोंड तरी दिसत नाही इथून. दोन अक्षरं आहेत आणि दोन्ही तुझी आहेत. मी भिंग लावून तीनदा वाचली. मग काळ्याच्या खाली सरपटत गेले. मग लाल घोड्याच्या. या वयात! कुणी बघितलं असतं तर म्हातारीला वेड लागलं म्हणालं असतं.

धाकटी : मी सांगणारच होते तुला.

थोरली : बागेत आठ घोडे गेलेत. त्यांच्या पोटावर काय आहे?

धाकटी : त्यांच्यावरही माझंच आहे.

थोरली : आठही?

धाकटी : आठही.

थोरली : बरं. सरक जरा, उठते आता.

धाकटी : हात दे.

थोरली : नको. घोड्याचा पाय धरून उठेन. निदान तो मध्येच सोडायचा नाही.

धाकटी : असं बोलू नकोस गं.

थोरली : मग कसं बोलू? शिकव. आई गेली तेव्हा तू चौथीत होतीस. बोलायला मी शिकवलं नाही, ते आईने शिकवलं, पण बाकी सगळं मी शिकवलं. ब्रश धुवायला, आणि... काय म्हणत होते मी? हां. ब्रशचे केस मोडू न देता वाळवायला. आणि तू माझाच केसाने गळा कापलास.

धाकटी : पाणी देऊ?

थोरली : पाणी नको. मला एक कळत नाही. चित्राला कुठे ओरखडा नाही, रंग उडालेला नाही, पट्ट्याचा सोनेरी जसाच्या तसा आहे. मग माझी सही काढलीस कशी? मी खाली पडल्यापडल्या हाच विचार करत होते. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. पहिला कोट!

धाकटी : हो.

थोरली : बारा वर्षं झाली असतील. पाळण्याच्या फळीवर सही करताना माझ्याकडून डाग पडला होता. तो पुसायला गेले तर खालचं अख्खं पाखरू निघालं. मी रडले होते. तेव्हा तू म्हणालीस, 'ताई, रंगावर सही करूच नकोस. मी पारदर्शक कोट मारते एक. तो वाळला की त्याच्यावर कर. चुकली तर हलक्या हाताने घासायची की झालं, खालच्या चित्राला धक्का लागत नाही. मग वरून मी बाकीचे तीन कोट मारते, म्हणजे सही आत बंद.' मी जो भेटेल त्याला सांगत सुटले, माझी चिमी बघा किती हुशार!

धाकटी : तेव्हा माझ्या मनात असलं काही नव्हतं.

थोरली : तेव्हा नव्हतं?

धाकटी : देवाशप्पथ. तेव्हा खरंच तुझ्या पाखरासाठी सुचवलं होतं.

थोरली : आणि आता कुंपणानेच शेत खाल्लं.

मिस्त्री : येऊ का आत? दार उघडंच होतं. जुनी ब्लँकेटं आणलीत, घोड्यांना गुंडाळायला. आपल्या घोड्यांचे थाट बघा, आमच्या घरात पोरांना एक ब्लँकेट पुरत नाही.

थोरली : या मिस्त्री. ठेवा तिकडे, भुशात नको. वॉर्निशला चिकटेल.

मिस्त्री : एवढं कळतं हो मला. घोडे मीच कापलेत. पांढरा अजून तसाच का? याच्यावरही तेच पाण्यातलं वॉर्निश ना?

धाकटी : हो, तेच. तेलाचं मारलं तर वर्षभरात पिवळा पडेल.

मिस्त्री : नाहीतर काय, जुन्या दातासारखा दिसायचा. हां, मोठ्या ताई, बरं झालं तुम्ही पण आहात. बागेत गेलो होतो, चक्राचे खांब तपासायला. मेरी-गो-राउंडच्या दारावर पाटी लावतायत, कुणी काय केलं त्याची. पाटीवाला आज संध्याकाळी अक्षरं रंगवणार. म्हणाला, नावं एकदा विचारून या. माझं नाव खाली, बारीक. 'घोडे घडवले' म्हणून. चालायचंच. लाकूड खालीच असतं.

थोरली : आणि 'घोडे रंगवले' म्हणून कुणाचं आहे?

मिस्त्री : म्हणजे? धाकट्या ताईंचं. तुम्हाला माहीत नाही?

थोरली : मला काय काय माहीत नाही, त्याची यादी चाललीय सकाळपासून.

मिस्त्री : नाही, मला पण जरा वाटलं होतं... पण म्हटलं, बहिणीबहिणींनी आपसात ठरवलं असेल. मोठ्या ताई आता दमल्यात, पुढचं काम धाकटीच्या नावावर. होतं असं. आमच्याकडे पण बापाने दुकानाची पाटी थोरल्याच्या नावाने केली, तेव्हा कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मग सांगू ना पाटीवाल्याला, बरोबर आहे म्हणून?

थोरली : तिला विचारा.

मिस्त्री : धाकट्या ताई?

धाकटी : मी... मी फोन करते त्यांना. तुम्ही काही सांगू नका.

मिस्त्री : बरं. फोन करा, पण चारच्या आत. एकदा रंग लागला की तो माणूस बदलत नाही. हटवादी आहे. येतो मी. मोठ्या ताई, बसा जरा, तुमचा चेहरा बरा दिसत नाही.

थोरली : भुशाने. शिंक अडकलीय. या तुम्ही.

धाकटी : त्यांच्यासमोर काही बोलली नाहीस.

थोरली : काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. आता सांग. पहिल्यापासून सांग, आणि मध्ये रडू नकोस. मला रडणं पुसत बसायला वेळ नाही.

धाकटी : बागेचे लोक आले होते. दोन महिने झाले. तू घरी होतीस त्या दिवशी. मी पहिल्या घोड्याच्या पापण्या करत होते.

थोरली : थांब. पापण्या तू करत होतीस?

धाकटी : रेषा जाड झाल्या होत्या. फक्त पापण्या. चार घोड्यांच्या. बाकी कशाला हात लावला नाही मी.

थोरली : पुढे.

धाकटी : माझ्या हातात ब्रश होता. त्यांच्यातली एक बाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, 'किती सुंदर! हे तुम्ही रंगवता?' आणि मी 'हो' म्हटलं.

थोरली : हो.

धाकटी : नुसतं 'हो'. पापण्यांचं विचारते असं वाटलं मला. म्हणजे... नाही. पापण्यांचं विचारत नव्हती, ते मला कळलं होतं. पण तोवर तोंडातून गेलं होतं. मग ती माझ्याशी इतकं छान बोलायला लागली. रंग कसे निवडता, घोड्याच्या डोळ्यात जीव कसा आणता. मला बावीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं गं.

थोरली : आणि तू उत्तरं दिलीस?

धाकटी : तुझीच दिली. तू जे बोलत असतेस ना काम करताना, 'डोळ्यात पांढरा ठिपका शेवटी, आणि तोही एका बाजूला,' तेच सगळं. मग तिने दुसऱ्या बागेचं काढलं. चोवीस प्राणी आहेत. हत्ती, जिराफ, शहामृग सगळे. म्हणाली, रंगवणारीच्या सहीचे फोटो पाठवा. घोड्यांवरच्या.

थोरली : म्हणून माझी सही घासलीस.

धाकटी : तू संध्याकाळी सही करून घरी जायचीस. सकाळी मी लवकर यायचे. बारीक पॉलिश पेपर, ओलं फडकं. दहा मिनिटांचं काम.

थोरली : दहा मिनिटं. अकरा घोडे. म्हणजे अकरा सकाळी तू हे केलंस आणि नंतर मी आले की मला चहा दिलास. आज साखर कमी पडली का गं ताई, म्हणून विचारलंस!

धाकटी : मला काहीच का नसावं, ताई? तू रागाव, पण हे ऐक. लोक येतात, तुझ्या रंगाला हात लावतात, म्हणतात, 'वा, काय रंग आहे!' तो रंग त्यांच्या हाताला लागत नाही, तो माझ्यामुळे. पोरं बुटांनी लाथा मारतात, पाऊस लागतो, ऊन लागतं, आणि तुझं पाखरू दहा वर्षं तसंच राहतं, ते माझ्यामुळे. डबा कधी हलवत नाही मी, बुडबुडे येतात म्हणून. श्वास धरून ढवळते. एका जागी दोनदा ब्रश फिरवत नाही. प्रत्येक कोटानंतर हाताने चाचपते, एक केस राहिला तरी सुईने काढते. आणि एवढं नीट केलं तर काय दिसतं? काहीच नाही. चुकले तरच लोकांना कळतं की इथे कुणीतरी काहीतरी लावलंय.

थोरली : हे खरं आहे.

धाकटी : मग?

थोरली : मग मला म्हणायचंस. 'ताई, तुझ्या नावाशेजारी माझंही लिही.' मी लिहिलं नसतं?

धाकटी : लिहिलं असतंस.

थोरली : आधी तुझं लिहिलं असतं, गधडे. पाळण्यात होतीस तेव्हापासून सगळ्यात आधी तुझं वाढत आले. ताट असो नाहीतर काही असो. मागून मिळालं असतं ते चोरलंस, याचं मला... तू परकी असतीस तर मी आत्ता इथे आरडाओरडा करून रस्ता गोळा केला असता. आता कुणाला ओरडू? ज्या घरात जाऊन सांगायचं, त्या घरात तूच असतेस.

धाकटी : मी बदलते सगळं. आत्ता फोन करते, पाटी बदलायला सांगते. हे तीन घोडे इथेच आहेत. तीन कोट घासायचे, पहिल्यापर्यंत उतरायचं, माझं नाव काढायचं आणि तुझं लिहायचं. आठ घोड्यांचं बागेत जाऊन करीन. एकेका घोड्याखाली झोपून करीन.

थोरली : आणि माझं नाव लिहायला मी येऊ? आठ घोड्यांखाली?

धाकटी : तुला यायची गरज नाही. मी लिहीन ना. अगदी तुझ्यासारखं जमतं मला. तुलासुद्धा ओळखू येणार नाही.

थोरली : काय म्हणालीस?

धाकटी : म्हणजे... प्रयत्न केला तर जमेल.

थोरली : 'जमतं' म्हणालीस. 'मलासुद्धा ओळखू येणार नाही' म्हणालीस. तुला कसं ठाऊक, मला ओळखू येणार नाही ते?

धाकटी : बोलता बोलता आलं तोंडात.

थोरली : चिमे, इकडे बघ. घोड्यांच्या आधी काय काय बनवलं आपण? गेल्या वर्षभरात?

धाकटी : खेळण्यांच्या पेट्या. स्टुलं. तो लांब बाक. मुलांच्या दवाखान्याची कपाटं.

थोरली : त्यांच्यावर नाव कुणाचं आहे?

धाकटी : तुझं. तुझंच आहे, ताई. एकाही ठिकाणी दुसरं नाव नाही.

थोरली : आणि ते कुणी लिहिलंय?

धाकटी : तुझा हात थरथरायला लागला होता. रुंद ब्रशला नाही, काठीवर मनगट टेकलं की चित्रालाही फारसा नाही. पण सहीचा ब्रश बारीक, आणि तिथे टेकवायला काही नसतं. पहिल्यांदा एका पेटीवर बघितलं. मधलं अक्षर असं झालं होतं, जसं चालत्या गाडीत लिहावं. तू घरी गेली होतीस. मी विचार केला, सकाळी हिने बघितलं तर खचेल. म्हणून घासलं आणि सरळ लिहून ठेवलं. तुझ्या जुन्या सहीवर कागद ठेवून गिरवून बघितली होती आधी. सकाळी तू आलीस, पेटीकडे बघितलंस आणि हसलीस. म्हणालीस, 'काल मला उगाच वाटलं वाकडी आली. चांगली आलीय की!'

थोरली : हे मी म्हणाले होते.

धाकटी : तू इतकी खूश झालीस. मग पुढच्या वेळी पण केलं. मग प्रत्येक वेळी.

थोरली : दर वेळी मला वाटायचं, संध्याकाळी बघते तेव्हा वाकडी दिसते आणि सकाळी सरळ. म्हणजे दोष डोळ्यांत आहे. संध्याकाळी डोळे दमतात. मी तुला म्हणाले तसं.

धाकटी : हो.

थोरली : तू मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंस.

धाकटी : ताई...

थोरली : रिक्षात माझा हात हातात धरून नेलंस! तो बिचारा पुन्हा पुन्हा अक्षरं वाचायला लावत होता. म्हणाला, बाई, तुमच्या डोळ्यांना वयाच्या मानाने काही झालेलं नाही. मीच हट्ट केला, नंबर बदला म्हणून. हा चष्मा! हा घालून मला वर्षभर घेरी येतेय. जिने चढताना भिंत धरते मी. आणि तू बाजूला बसून बघत होतीस. हाताचा डॉक्टर बघायचा होता गं. वर्षापूर्वी. तेव्हा कदाचित काही गोळी असती, काही व्यायाम असता.

धाकटी : मला वाटलं, तुला कळलं तर तू ब्रश खाली ठेवशील. कायमचा. तू काम सोडून घरी बसलीयस हे मला बघवलं नसतं.

थोरली : तुला बघवलं नसतं.

धाकटी : आणि माझं काय झालं असतं? तू रंगवलं नाहीस तर मी कशावर कोट मारू?

थोरली : आता खरं बोललीस. नाव चोरलंस ते मी एक वेळ गिळलं असतं. हावरी झाली पोर, म्हटलं असतं. माणसाला सुटते हाव. पण तू मला माझ्याच हाताबद्दल खोटं सांगितलंस. वर्षभर, रोज सकाळी. मी माझ्या डोळ्यांवर संशय घेतला, तुझ्यावर नाही घेतला.

धाकटी : मी काय करू, सांग.

थोरली : मग माझी शेवटची सही कुठली?

धाकटी : म्हणजे?

थोरली : माझ्या हातची. तू न पुसलेली.

धाकटी : निळं स्टूल. त्याच्यावर मासे होते, आठवतं? त्याच्यावरची तुझीच आहे. ती सरळ आली होती.

थोरली : ते कुणी नेलं?

धाकटी : दातांच्या डॉक्टरने. पोरांना पाय ठेवायला हवं होतं त्यांना.

थोरली : पायाखाली. बरं आहे. मी ती पटकन उरकली होती, भूक लागली म्हणून. शेवटची आहे हे माहीत असतं तर जरा दमाने केली असती. सरक, पांढऱ्याजवळून सरक.

धाकटी : आत्ता करतेस? आज नको. तू चिडलीयस, हात जास्त हलेल. उद्या कर.

थोरली : काळा रंग कुठे आहे?

धाकटी : हा. पातळ केलाय. ताई, मी मनगट धरू का? फक्त आधाराला. ब्रश तूच चालव.

थोरली : लांब उभी राहा.

धाकटी : निदान चष्मा काढ.

थोरली : काढते. हे वर्षभरात पहिलं खरं सांगितलंस.

(थोरली घोड्याच्या पट्ट्यावर वाकते. ब्रश टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो.)

थोरली : झाली. बघ.

धाकटी : बघितली.

थोरली : कशी आहे? आता तरी नीट सांग.

धाकटी : वाकडी आहे. पहिलं अक्षर वर गेलंय, शेवटचं फुटलंय. मधलं नीट आहे.

थोरली : वाचता येतं?

धाकटी : येतं.

थोरली : असू दे तशीच. बाकीच्या अकरांना हात लावायचा नाही. तुझं नाव आहे त्यांच्यावर, ते तू सांभाळ. बागेतली पोरं विचारतील तेव्हा काय सांगायचं तेही तूच ठरव. हा एक माझा. पाटीवाल्याला फोन कर किंवा करू नकोस, मी विचारणार नाही.

धाकटी : करते, आत्ताच करते. आणि उद्या आपण हाताच्या डॉक्टरकडे जाऊ. मी नंबर घेते.

थोरली : मी जाईन. माझी मी. रंग सुकला का बघ. बोट लावू नकोस, फुंकर मारून बघ.

धाकटी : सुकलाय. पातळ होता.

थोरली : मग दुसरा कोट मार. आत्ता. माझ्यासमोर.

धाकटी : मारते. हे बघ, डबा उघडला. हलवला नाही, नुसता ढवळतेय. कडेने सुरू करते... सहीवरून एकदाच नेते ब्रश, सरळ. झालं. बघ, दुधाळ दिसतंय ना, ते वाळलं की साफ होईल.

थोरली : ठाऊक आहे.

धाकटी : वाळायला दोन तास लागतील. तोवर तू घरी जाऊन जेवून ये. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. मी आहे ना इथे.

थोरली : म्हणूनच बसते.